मामाने न दिलेली पिशवी

इंजिनाच्या हेडचं झाकण मी उघडलं. आत जुना कॅमशाफ्ट होता. जुना! त्याच्या एका उंचवट्यावरचा मोहरीएवढा खड्डा मी झोपेतही ओळखेन. तीन आठवडे डोकं शिणवून निवडलेला नवा कॅम इंजिनात नव्हताच. आणि इंजिन बांधलं होतं माझ्या सख्ख्या मामाने. दुसऱ्या कोणी बांधलं असतं तर चार शिव्या हासडून मोकळी झाले असते. पण मामाने?

मामा काय माणूस आहे ते सांगते, म्हणजे माझं काय झालं असेल ते कळेल. एकतीस वर्षं तो मोटारसायकली दुरुस्त करतोय. गॅरेज म्हणजे एक शटर, एक टेबल आणि भिंतीवर आकाराप्रमाणे टांगलेले पाने. त्याची एक पद्धत आहे. इंजिनातून काढलेला प्रत्येक भाग तो पुसून कापडी पिशवीत घालतो, वर पेन्सिलीने चिठ्ठी लिहितो आणि गिऱ्हाइकाच्या हातात देतो. "तुझी वस्तू तुला. बघून घे, खरंच बदललाय." गिऱ्हाईक म्हणतं, अहो, हे भंगार घेऊन मी काय करू? तो म्हणतो, फेक, पण घरी जाऊन फेक. खोटं बोलणं त्याला जमतच नाही. बँकेतला एक कॅशियर सगळ्यात मोठा रेसिंग कॅम मागायला आला होता, तेव्हा मामा म्हणाला, "रोज किती सिग्नल लागतात तुला? सहा? मग सहा वेळा गाडी बंद पडेल आणि सातव्यांदा तू ढकलत घरी जाशील." गेला बिचारा हात हलवत.

मी मात्र खरंच रेसमध्ये गाडी चालवते. रविवारची शर्यत माझ्यासाठी सगळं काही होती. पहिल्या पाचांत आले तर रेसिंगच्या संघात जागा, नाहीतर पुन्हा खोकी बांधायच्या कामावर. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनातला तो दांडा, ज्याचे उंचवटे व्हॉल्व्ह उघडतात. उंचवटा मोठा, की व्हॉल्व्ह जास्त उघडतो आणि इंजिन जास्त श्वास घेतं. समोर तीन कॅम होते. पहिला सौम्य. तिसरा अगदी पिसाट, वरच्या वेगात उडवणारा पण वळणातून बाहेर येताना मेलेला. आमच्या ट्रॅकवर वळणंच वळणं. मी मधला घेतला. मामा म्हणाला, "ठिणगे, अक्कल आहे तुला." मी लगेच पेटते म्हणून ठिणगी. त्या एका वाक्यावर मी दोन दिवस तरंगत होते.

बुधवारी सरावाला गेले, तर गाडी होती तशीच. परत येऊन म्हटलं, मामा, उघडून बघूया का? तो म्हणाला, "नको, अजून बसतंय इंजिन." मामा आणि असं गुळमुळीत उत्तर! गुरुवारी दुपारी तो ऑइल आणायला गेला आणि मी पाना उचलला. झाकण निघालं तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. सगळ्या जगाला पिशवी देणाऱ्या माणसाने मला पिशवी दिलीच नव्हती. देणार कुठून? जुना भाग आतच होता!

तो ऑइलचे डबे घेऊन आत आला. मी काही बाकी ठेवलं नाही. "मी पडेन म्हणून घाबरलास ना? पोरीच्या जातीला झेपणार नाही असं वाटलं ना? मग तोंडावर सांगायचंस! एकतीस वर्षांत एकाच माणसाला फसवलंस आणि ती मी?"

त्याने डबे खाली ठेवले. हात पुसले, नको तितका वेळ पुसले.

"नवा कॅम अंशांच्या चकतीवर लावावा लागतो," तो म्हणाला. "बारीक रेघा असतात. मला त्या दिसत नाहीत."

"म्हणजे चष्मा..."

"चष्म्याचं नाही ते. डॉक्टर झाले दोन. मधलं सगळं धूसर झालंय, कडेचं तेवढं दिसतं. नजर परत यायची नाही म्हणाले. जुना कॅम मी बोटांनी लावतो, त्याची खूण हाताला लागते. नवा तीनदा लावला. तिन्ही वेळा खात्री वाटेना. एक रेघ चुकली असती तर भर वेगात व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळला असता, आणि वर तू."

जाडी मोजायचा व्हर्नियर माझ्या हातात देऊन "वाच" म्हणायचा, तेव्हा मला वाटायचं, शिकवतोय! वर्षभर मी फुशारक्या मारत होते की मामा मला आकडे वाचायला देतो. मी रोज त्याच्या शेजारी उभी होते, आणि मला काहीही कळलं नाही. मघाशी बोललेला शब्द न् शब्द परत गिळावासा वाटला. लाज वाटली, आणि रागही गेला नव्हता.

"सांगितलं का नाहीस?"

"तू कोणाला बोलली नसतीस गं. पण मला ते माझ्याच तोंडून ऐकावं लागलं असतं."

नवा कॅम टेबलाच्या खणात फडक्यात गुंडाळलेला होता. आम्ही तो त्याच दुपारी लावला. इंजिनाचा मुख्य दांडा, क्रँक, मामाने फिरवला, रेघा मी वाचल्या. "दोन अंश मागे" म्हटलं की त्याचा हात बरोबर दोन अंशच मागे जायचा. असा हात मी कोणाचा पाहिला नाही. मग पिस्टनवर मातीची चकती ठेवून इंजिन फिरवलं, माती कापली आणि जाडी मोजली. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर पुरेसं होतं. त्याने मला ती जाडी तीनदा मोजायला लावली.

रविवारी मी चौथी आले. संघात जागा मिळाली, मामी रडली, शेजारचा लेथवाला उगाचच नाचला.

सोमवारी गॅरेजवर गेले तर मामाने जुना कॅम पुसून पिशवीत घातला होता आणि तो चिठ्ठी लिहीत होता. पिशवी माझ्या हातात दिली. "तुझी वस्तू तुला. चिठ्ठी वाच, बरोबर लिहिलीय का."

मी बघितलं. अक्षरावर अक्षर चढलं होतं, शेवटचा शब्द कागदाबाहेर टेबलावर गेला होता. हो म्हणणं किती सोपं होतं! पण त्या गॅरेजात तसलं हो चालत नाही.

"वाचता येत नाही, मामा."

मग त्याने कानामागे खोचलेली पेन्सिल काढली, माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "मग आजपासून तू लिही."