गोटुलातलं माझं लाकूड

नागभीडला गाडी बदलायची होती. पोरगा भलत्याच डब्यात चढेल, या भीतीनं बाबा वडशापासून माझ्यासोबत आले होते. मला नागपूरच्या गाडीत बसवून ते खिडकीशी उभे राहिले. गाडी हलली तेव्हा एवढंच म्हणाले, "तिकडं कोनाचं लाकूड फुकट शेकू नको."

डब्यातल्या कुणाला हे कळलं नसतं. आमच्या गावात गोटुल होतं. गोटुल म्हणजे गावातल्या तरण्या पोरांचं घर. ते पोरांनीच बांधलेलं. संध्याकाळी प्रत्येकानं रानातून एक लाकूड आणायचं, मधल्या शेकोटीला द्यायचं, मगच शेकोटीभोवती आपल्या जागेवर बसायचं. गावाचं काम, भांडण, लग्नातली मदत, सगळं तिथं ठरे. कुणी आजारी पडला किंवा परगावी गेला, तर मित्र त्याचं लाकूड आणी आणि त्याची जागा राही. माझं लाकूड माझ्या मित्रानं, लालसूनं अंगावर घेतलं होतं. "जाय तू," तो म्हणाला होता. "तसा बी तू काटक्याच आनत होता. मले काई जड नाई."

नागपुरात सगळंच नवं होतं. होस्टेल, मेस, बटण दाबलं की पेटणारा दिवा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळाही पाहिली नव्हती. बी.ए. झाल्यावर मी समाजकार्य शिकवणाऱ्या एका संस्थेत गेलो. तिथं युवक संघटन हा एक विषय होता. सर म्हणाले, जंगलभागात तरुणांची संघटना अशी नसतेच, ती शून्यातून उभी करावी लागते. माझा हात लिहिता लिहिता थांबला. बऱ्याच वेळानं मी उभा राहिलो आणि अडखळत गोटुलाबद्दल सांगितलं. मुलं हसतील असं वाटलं होतं. सरांनी तो पूर्ण तास मलाच दिला. पुढं परीक्षा झाल्यावर म्हणाले, इथंच राहा, हेच शिकव.

मी होकार दिला नव्हता. घरी फक्त कळवलं, की अशी नोकरी मिळू शकते. गावच्या गुरुजींनी बाबांना पत्र वाचून दाखवलं.

त्यानंतर सरांनी संस्थेच्या मुलांचं शिबिर आमच्याच गावी नेलं. पाहुण्यांना गोटुलात उतरवायची आमची रीत. सरांसाठी खाट टाकली होती. शेजारी आणखी एक खाट होती, ती माझ्यासाठी. पोरं मस्करी करताहेत असं मला वाटलं. संध्याकाळी मी रानात गेलो आणि मुद्दाम चांगलं जाडजूड लाकूड आणलं, लालसूचं तोंड बंद व्हावं म्हणून.

दारातच त्यानं ते माझ्या खांद्यावरून उतरवलं आणि बाहेर भिंतीला टेकवलं.

"पाहुन्याचं लाकूड आत नाई जात, गुरुजी."

मी हसलो. तो हसला नाही. माझ्या जागेवर एक नवा पोरगा बसला होता. लालसूनं हळू आवाजात सांगितलं, की पत्र आल्यावर बाबा गोटुलात आले होते. माझ्या पोराची जागा मोकळी करा, असं सर्वांसमोर म्हणाले होते.

मी तसाच घरी गेलो. बाबा अंगणात मासे धरायचं बांबूचं टोपलं विणत होते. मला न विचारता असं काऊन केलं, एवढंच मी विचारलं.

"लालसू दोन दोन लाकडं वाहून राह्यला होता," ते म्हणाले. त्यांचे हात थांबले नाहीत. "तू येनार नाई, हे तुले बोलता येत नव्हतं. मंग मी बोललो."

मी अजून ठरवलं नव्हतं, असं मला सांगायचं होतं. पण ते खरं होतं का, हे मला आजही कळत नाही.

मी नोकरी घेतली. आता युवक संघटन शिकवतो. फळ्यावर गोटुल लिहितो, मुलं वहीत उतरवून घेतात आणि मी क्षणभर खडू धरून उभा राहतो. आमच्या पोरांपैकी जे गावात राहिले आणि जे माझ्यासारखे गाडीत बसले, त्यांच्यात मी कुठं बसतो, ते मला सांगता येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात गावी गेलो होतो. ते लाकूड अजून गोटुलाच्या भिंतीला बाहेरून टेकलेलं आहे. खालून वाळवी लागली आहे. कुणी ते जाळलं नाही, कुणी फेकूनही दिलं नाही. गावात माझी जागा आता तेवढीच आहे.