ट्रकचा अँटेना

‘गुरुवार, १२ मार्च. सकाळपासून भाऊजी ट्रकच्या अँटेनाशी झगडताहेत,’ वहिनींनी वहीत लिहिलं.

भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. चाळीस वर्षं गाड्यांमध्ये एकमेकांशी बोलायचे रेडिओ संच बसवून त्यांचे गुडघे कामातून गेले होते. घाटात फोन लागत नसल्यामुळे ड्रायव्हरला दुपारी निघण्याआधी संच चालू हवा होता. पण अँटेना संचाशी जुळला की नाही हे दाखवणाऱ्या मीटरचा काटा लाल पट्टीतून खाली येईना. अँटेनाची सळई गरजेपेक्षा लांब असेल असं वाटून भाऊजींनी करवत उचलली. दुसरी सळई नव्हती.

“काका, बेतानं. नाहीतर दात कोरायलाच उरेल!” ड्रायव्हर म्हणाला.

वहिनी दारातूनच ओरडल्या, “भाऊजी, थांबा! ट्रक पत्र्याच्या शेडला खेटून उभा आहे. पत्र्याजवळ काटा चुकीचं दाखवतो, हे तुम्हीच सगळ्यांना सांगत आलात ना?”

भाऊजींनी करवत खाली ठेवली. “सावली बघून लावला हो, वहिनी. उन्हात उभं राहवत नाही आता.”

ट्रक मोकळ्या जागेत नेला, तसा काटा मुकाट्यानं खाली आला. ड्रायव्हर गेला, तरी भाऊजी कितीतरी वेळ घराच्या पायरीवर बसून राहिले.

संध्याकाळी वहिनींनी लिहिलं, ‘भाऊजी न जेवताच झोपले. त्यांचं ताट झाकून ठेवलं आहे.’