कापसावरची हळद

माझ्या लग्नात भांड्याकुंड्यांबरोबर माहेरहून एक शंभर पानी वही आली होती. यवतमाळच्या कचेरीत नोकरी करणाऱ्या बापाची मी एकुलती एक लेक. स्वयंपाक म्हणाल तर नावाला येत होता, पण पेपरात येणाऱ्या 'स्वयंपाकघरातल्या युक्त्या' कापून मी वहीत चिकटवल्या होत्या. वाचलं म्हणजे आलंच, अशी तेव्हा माझी ठाम समजूत होती.

सासर आर्णीच्या पुढं, शेतीवाडीचं. सासूबाईंना लिहितावाचता येत नव्हतं, आणि त्यांचं काही अडतही नव्हतं. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून वांग्याची भाजी खारट झाली. वहीत लिहिल्याप्रमाणे मी तीत कणकेचा गोळा टाकला. सासूबाईंनी विचारलं, "आता हा गोळा कोण खाईन?" मी म्हटलं, "तो काढून टाकायचा असतो." "कणीक फेकाची?" त्यांनी तो गोळा निखाऱ्यावर भाजला आणि मुकाट्यानं माझ्या ताटात ठेवला. तो मी पाणी पिऊन पिऊन संपवला. त्यानंतर माझ्या हातून मीठ कधी जास्त पडलं नाही. ही युक्ती मात्र वहीत नव्हती.

पिठल्याचं पीठ आधी थंड पाण्यात कालवावं, असंही वही सांगायची. सासूबाई उकळत्या पाण्यात एका हातानं बेसन सोडत आणि दुसऱ्या हातानं अशा घोटत की गाठीची व्हायची हिंमत नव्हती. त्यांचा सगळा दवाखाना फळीवरच्या डब्यांत होता. पोट दुखलं की ओवा, खरचटलं की हळद, सांधे कुरकुरले की जवसाची चटणी. शेजारीण फार बोलून राह्यली तर काय द्यायचं, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "अंबाडीची भाजी दे. आंबटानं तोंड मिटते."

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. तसा तो त्या काळात कोणत्या वर्षी होता म्हणा. पण संक्रांत झाली की भाव चढेल, असं मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं म्हणणं होतं, आणि तोवर सगळा कापूस घरात भरला होता. बैठकीत कापूस, निजायच्या खोलीत कापूस, आणि उरलेला स्वयंपाकघरात पार फळीपर्यंत. वरणात तंतू, केसांत तंतू. ठिणगीच्या भीतीनं चूल अंगणात गेली होती. मसाल्याची फळी तेवढी आत राहिली, आणि डबा पाहिजे असला की कापसावर चढून जावं लागायचं. मामाजी त्या कापसाला तान्ह्या लेकरासारखे जपत. कापूस पिवळा दिसला की खरेदी केंद्रावरचा माणूस त्याला कवडी म्हणून बाजूला काढी, आणि कवडी कापूस कुत्रंही विचारत नसे. वर्षभराचं आमचं सगळं त्या ढिगावर होतं.

संक्रांत झाल्यावर एक दिवस मामाजी कापूस न्यायला ट्रॅक्टर ठरवायला आर्णीला गेले, सासूबाई शेतात होत्या, आणि मला वरणाला चिमूटभर हळद पाहिजे होती. कापसावर चढले. पाय गुडघ्यापर्यंत रुतला. तोल जातो म्हणून मी फळी धरली, तर हळदीचा डबा खाली आला आणि झाकण उडालं. वर्षाची हळद होती ती. ढिगाची अख्खी एक बाजू नवरीसारखी पिवळी झाली.

मी वहीकडं धावले. 'हळदीचा डाग साबणाच्या पाण्यानं धुवावा,' असं स्वच्छ छापलं होतं. टोपलंभर कापूस बादलीत बुडवला आणि साबण चोळला. हात लावीन तसा कापूस लालभडक होत गेला, वर त्याचे गोळे झाले ते वेगळेच. मी तिथंच फतकल मारून रडायला बसले. माझ्या डोक्यात एकच होतं: या घरच्या वर्षभराच्या घामाची मी माती केली.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. पिवळ्या ढिगाकडं पाहिलं, लाल बादलीकडं पाहिलं. म्हणाल्या, "हळद झाली, कुंकूबी झालं. वाण काय देतं आता?"

मला हसू येईना. "आई, मामाजींना काय सांगू?"

"ते मी पाहतो. रडणं मंग कर, आधी बाज आण. हळद उन्हाले भेते, बाई. साबण कायले लावला तिले?"

बाजेवर कापूस पसरून आम्ही दोघींनी काठ्यांनी हलक्या हातानं झोडपला. भुकटी सुंभातून खाली गळाली. खाली सासूबाईंनी जुनं लुगडं अंथरलं होतं, कारण हळद काय फेकायची होती थोडीच. पुढं कितीतरी महिने आमच्या वरणात हळदीबरोबर कापूसही होता. मग झोडपलेला सगळा कापूस अंगणात, चुलीपासून लांब, उन्हाला घातला. बादलीतला वाळवून त्याची एक उशी केली.

मामाजी संध्याकाळी आले आणि अंगण पाहून दारातच थबकले. सासूबाईंनी मला विहिरीवर पिटाळलं. मी परत आले तेव्हा मामाजी भिंतीकडं तोंड करून बसले होते. चार दिवस ते सासूबाईंशी बोलले नाहीत. माझ्याशी मात्र नेहमीसारखेच बोलत, आणि त्याचं मला नवल वाटे. दर तासाला मी अंगणात जाऊन कापूस पाही. पहिल्या दिवशी तो लिंबाइतका पिवळा होता, दुसऱ्या दिवशी लोण्यासारखा, आणि चौथ्या दिवशी कोणता ढीग हळदीचा ते मलाच ओळखू येईना.

कापूस घेऊन ट्रॅक्टर गेला. अंधार पडायच्या आत मामाजी परतले, ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "पांढऱ्यात गेला सारा." मग चार दिवसांत पहिल्यांदा सासूबाईंकडं वळले. "चाळीस वर्षांत तुह्या हातून चिमूटभर हळद नाई सांडली, अन् आताच काहून सांडली वं? डोळे गेले तुहे. उद्या आर्णीले चाल, दाखवून आणतो."

मी तोंड उघडलं, तर सासूबाईंनी माझा पाय असा दाबला की अंगठा दोन दिवस ठणकत होता.

आर्णीच्या डॉक्टरनं डोळे उत्तम असल्याचं सांगितलं. मामाजींचा विश्वास बसला नाही. त्यांनी बाजारातून एक चष्मा घेऊन दिलाच. सासूबाई पुढं कितीतरी वर्षं, मामाजी घरात असले की, तो चष्मा नाकावर ठेवून तांदूळ निवडत. त्यातून त्यांना धड दिसत नसे, खडे मागाहून मी वेचत असे. मामाजी बाहेर पडले की त्या चष्मा काढत आणि माझ्या हातात देत.

"धर वो," म्हणत, "तुह्यावाला चष्मा."