आवळून उतरवलेली गाडी

रविवार, ११ मे. सकाळी साडेसात. स्थळ: जव्हार, आमच्या घरापुढचं अंगण. हजर: मी (यादी आणि देखरेख), अविनाश, म्हणजे माझा नवरा (शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून गाडीखाली तोच), आई, म्हणजे माझ्या सासूबाई (ओट्यावर खुर्ची टाकून, टीकेसाठी), आणि शेजारचा लहानू (जव्हार-मोखाडा जीप चालवतो, आमच्यात काम कळणारा एकमेव माणूस, अकरापर्यंतच हजर). विषय: गाडीचे बुश बदलणे.

बुश म्हणजे पुढचं चाक धरून ठेवणाऱ्या लोखंडी दांड्याच्या सांध्यातलं रबर. ते झिजलं की खड्ड्यात लोखंडावर लोखंड आपटतं. आमचं इतकं झिजलं होतं की आमची गाडी बाजारातून निघाली की आई घरी चहा ठेवायच्या.

सोमवारी आईंना खोडाळ्याला धाकट्या बहिणीकडे पोचवायचं होतं. वर्षभर दोघी फोनवर भांडत होत्या. आता त्यांना समोरासमोर भांडायचं होतं. पण आईंनी जाहीर केलं, "त्या खडखडाटात मी बसायची नाही. मागच्या वेळी मोखाड्यापर्यंत माझी कवळी वाजत होती."

"मग एसटीनं?" अविनाशनं विचारलं.

"त्या पायऱ्या चढायला तुझे गुडघे देतोस का?"

गॅरेजवाला बुधवारशिवाय मोकळा नव्हता. म्हणून काम घरी.

लहानूनं तोंडी सांगितलं, मी लिहून घेतलं: एकूण सोळा कामं. मग त्याची पक्की प्रत काढली. नट-बोल्ट हरवू नयेत म्हणून मसाल्याच्या डब्यातल्या सातही वाट्या रिकाम्या केल्या आणि प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवली.

थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून आईंचा आवाज आला. "हळद कुठे गेली?"

"चहाच्या कपात! आणि 'उजवं चाक, मागचा बोल्ट' लिहिलेल्या वाटीला हात लावू नका!"

दोन्ही दांडे निघाले. जुने बुश संत्र्याच्या सालीसारखे तुकड्यातुकड्यांनी बाहेर आले. नवे बुश लहानूनं साबणाचं पाणी लावून ठोकून बसवले. इतक्यात त्याला भाड्याचा फोन आला.

"ताई, मी निघतो. आता दांडे जागेवर लावायचे तेवढे राहिले. पन बोल्ट पक्का आवळायचा तो गाडी चाकांवर उभी केल्यावर. आधी नाय!"

"लिहिलंय," मी म्हटलं.

लिहिलं होतंच. पण पक्की प्रत काढताना मी एक सुधारणा केली होती. लहानूच्या क्रमात आधी गाडी खाली उतरवायची आणि मग बोल्ट पक्के आवळायचे होते. आता, उतरलेल्या गाडीखाली अविनाश मावत नाही. (तो मावायचा तेव्हा आमच्याकडे गाडी नव्हती.) शिवाय मी बावीस वर्षं कचेरीत आवक-जावक सांभाळते, अर्धवट फाइल कधी पुढे पाठवलेली नाही. मग सैल बोल्टांनिशी गाडी कशी पुढे पाठवू? मी दोन्ही कामांची अदलाबदल केली आणि बाजूला सही केली.

"लहानू काहीतरी वेगळं म्हणाला ना?" गाडीखालून अविनाश.

"यादी वाच."

"इथे अंधार आहे."

"मग मी वाचते. आवळ!"

त्यानं जीव खाऊन आवळले. मग जॅक काढला. गाडी खाली आली. म्हणजे मागून आली. पुढून यायला तयार होईना.

"गाडीनं नाक वर केलंय," आई म्हणाल्या.

"नवीन रबर आहे, ताठच असणार," अविनाशनं नववीच्या वर्गाला सांगतो त्या आवाजात सांगितलं. मी सोळाव्या कामापुढे बरोबरची खूण केली.

सोमवारी आईंना गाडीत चढवायला एक पाट आणि दोन माणसं लागली. पण आवाज? शून्य! घाट झाला, मोखाडा गेलं, गाडी गप्प.

"हाताला गुण आहे हो तुझ्या," आई मला म्हणाल्या. (लग्नानंतर पहिल्यांदाच. मी तारीख लिहून घेतली.)

पुढच्याच गतिरोधकावर गाडीखालून 'फट्ट' झालं. त्याच्या पुढच्यावर आणखी एक 'फट्ट'. गाडीचं नाक खाली आलं आणि जुना खडखडाट सहकुटुंब परत आला. खोडाळ्याच्या बाजारात लोक आम्ही दिसायच्या आधीच बाजूला झाले. हॉर्न न वाजवता मावशी दारात हजर!

"ट्रॅक्टरनं आलीस गं?" त्यांनी बहिणीला विचारलं. दोन्ही हातांनी जबडा धरून आई सरळ आत गेल्या.

मी लहानूला फोन लावला.

"ताई, उतरवून आवळला, का आवळून उतरवला?"

"यादीप्रमाणे."

"यादी कोनाची?"

सही माझी होती.

"चाक लटकत असताना आवळला की गाडी उतरताना रबर पिळतो, ताई. पिळलेला रबर फाटनारच. म्हणून तर सांगितला होता."

आईंना आठ दिवसांनी परत आणायचं होतं. आता जून संपत आलाय. काल त्यांचा फोन आला.

"गाडी कधी नीट करताय?"

"या रविवारी. नवे बुश आणलेत, लहानू येतोय. मी नवी यादीही केलीय."

आईंनी ते तिथल्या तिथे मावशींना ऐकवलं. मग मागून मावशींचा आवाज, "दिवाळीपर्यंत इथेच राहते म्हणून सांग!"

आईंनी तसं सांगितलं आणि फोन ठेवला.

तेव्हा आईंना परत आणणे, हे काम अजून बाकी आहे. ते कितव्या क्रमांकावर लिहायचं, हे या वेळी लहानूला विचारणार आहे.