स्कायलॅबच्या भीतीनं लावलेलं शेवंताचं लग्न

स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस मोबाईल सांगते तवा आठवते तुम्हाले, तं स्कायलॅब काय आठवन!

माझी लहान बहीण शेवंता आज सकाळी गेली.
स्कायलॅबनं तिले एकोणऐंशीतच मारलं होतं.

मले लिहिता येत नाही. मी सांगून राहिली, नात टाइप करून राहिली.

तं अमेरिकेनं वर एक घर सोडलं होतं. तेच स्कायलॅब.
वर कसं न्यायचं ते त्यायले माहीत. खाली कसं आणायचं, ते कोणी पाहिलंच नाही.
रेडिओ म्हणे, पडणार.
कुठं? ते सांगता येत नाही.

आमच्या बपेऱ्यात लोकायनं धानाची रोवणी सोडली आन् घरच्या कोंबड्या कापून खाल्ल्या.

आमच्या बाबाले वेगळंच सुचलं. माझं लग्न गावातच झालं होतं, शेवंता राहिली होती. पोरगी कुवारी मरू नये.

भर आषाढात. मुहूर्त नाही, मांडव नाही. चिखला गावच्या खाणीतला एक बिजवर तयार झाला, तिच्या दुप्पट वयाचा.

शेवंता नववीत होती. संध्याकाळी पाटीवर मले अक्षरं शिकवे.
"बाबा, दोन दिवस थांबा ना. नाही पडलं तं?"
"आन् पडलं तं?"
झालं. लागलं लग्न.

तिसऱ्या दिवशी रेडिओ म्हणे, समुद्रात पडलं. थोडं ऑस्ट्रेलियात.
बाबा म्हणाले, "चला, वाचलो."

शेवंता तवा चिखल्यात चूल फुंकत होती.
नवरा पिऊन मारे. दप्तर आमच्याच घरी, खुंटीले.
माझी अक्षरं 'ग'वर थांबली.

मागच्या उन्हाळ्यात दिवेलागणीले आम्ही दोघी अंगणात बसलो होतो. आभाळात दिव्यांची रांगच्या रांग चालली.

नात म्हणे, "आजी, हे इंटरनेटचे सॅटेलाइट. पाचेक वर्षं चालतात. मग मुद्दाम खाली उतरवतात, हवेतच जळून जातात. सोडायच्या आधीच ठरलेलं असतं."

शेवंता वरच पाहत होती.
"बाई, बरं आहे या दिव्यायचं. पाच वर्सांत सुटका."

मी हासली.
ती नाही हासली.

आता पोस्टखाली हात जोडलेले फोटो टाकून मोकळे होऊ नका.

जा शेवंता. वर बाबा भेटले तं सांग, तुमची लेक कुवारी नाही मेली.

तेरवीले येणाऱ्यायनं हार आणू नका. तिच्या लग्नात घाईघाईत बुंदी कोणी पाडलीच नव्हती.
बुंदी आणा. भरपूर. आन् गरम.