सुकटीची जागा

जालना जिल्ह्यातल्या माणसानं समुद्रावर बोलायचं कारण काय, असं कुणी विचारलं तर मी मायकडं बोट दाखवते. मायनं समुद्र बघितलेला नाही, बघायची हौसही नाही. पण माझ्या जन्माच्या आधीपासून ती कुंभार पिंपळगावच्या आठवडी बाजारात सुकट-बोंबील विकते. तिच्या हातची सुकट न बघता घ्यावी असं बाजारात म्हणायचे. तिची म्हणावी अशी कमाई तेवढीच.

आमच्याकडची प्रतिष्ठित मंडळी मोठी बघण्यासारखी. सकाळी मायच्या पालासमोरून जाताना नाकाला रुमाल, अन् बाजार उठायच्या वेळी त्यातलेच दोघं-तिघं पिशवीत पिशवी लपवून हजर. घरी पाहुणा आलाय, कुणाला सांगू नका म्हणायचे. असा कसा पाहुणा, जो दर बाजाराला येतो? माय मुकाट्यानं तोलून द्यायची. माझ्यानं मात्र गप्प राहवायचं नाही, म्हणून ती मला तेव्हा चहा आणायला पाठवायची.

सुकट म्हणजे वाळवलेला बारीक झिंगा. जुन्या जालन्यातल्या एका ठोक व्यापाऱ्याकडून पोतं यायचं. बाजाराच्या आदल्या दिवशी माय ते अंगणात चाळायची, मंग सुपात घेऊन निवडायची. झिंग्याशिवाय जे निघेल, खेकड्याचं पिल्लू, नखाएवढा मासा, ते बाजूला काढायची. त्यांना ती ‘लेकरं’ म्हणायची. लेकरं विकायची नाहीत, हा तिचा कायदा. माझ्या लहानपणी पोत्यामागं मूठभर लेकरं निघायची, ती कोंबड्यांपुढं टाकायची. मी नोकरीला लागले तोवर टोपलं भरायला लागलं. आता आता तर झिंगा कमी अन् लेकरंच जास्त. बोटाच्या पेराएवढं पापलेट, वाळलेलं, डोळे तसेच उघडे.

मायनं व्यापाऱ्याला विचारलं. गादीवरून न हलता तो म्हणाला, समुद्रातूनच माल असा येऊन राह्यला, मावशी, मी काय करू? अन् निवडता कशाला, सगळे तसाच विकतात. जे उरेल ते कोंबडीच्या खाद्यात जातं, त्यालाही गिऱ्हाईक बराबर मिळतं. वा रे पठ्ठ्या! उद्या समुद्रच वाळवून दिला तरी हा तराजू घेऊन तयार.

आता माझी हुशारी ऐका. मी शाळेत बाई आहे. वर्षातून एकदा आमचं पर्यावरणाचं प्रशिक्षण होतं, म्हणजे चहा-बिस्किट होतं अन् फोटो होतो. तिथं एका साहेबांनी पडद्यावर समुद्र दाखवला. बारीक जाळं समुद्राचा तळ खरवडत नेतं, नको ते जीवही ओढून आणतं, म्हणून जाळ्याची भोकं मोठी पाहिजेत. पावसाळ्यात मासे अंडी घालतात, म्हणून तेव्हा मासेमारीला बंदी असते. जालन्यात बसून समुद्र सांभाळायचा, उंटावरून शेळ्या हाकायच्या. मी वहीत सगळं उतरवून घेतलं, घरी येऊन मायला वाचून दाखवलं, वर शाळेतल्या मुलांकडून तक्ता करून भिंतीवर लावला. माय सूप खाली न ठेवता म्हणाली, "बंदी हाय म्हनतीस, मंग ही लेकरं आली कुठून?"

दुसऱ्या दिवशी मी मुलांना तक्त्यावर अजून एक मासा रंगवायला लावला.

मंग एका बाजाराला मायला ताप भरला. अर्धं पोतं निवडून झाल्तं, अर्धं तसंच होतं. मला सुट्टी होती, मी दोन्ही घेऊन पालात बसले. दुपारपर्यंत निवडलेली सुकट संपली. गिऱ्हाईक येतच होतं. घरी नेऊन भाजायची अन् कुटायचीच आहे, कोण बघतं, असं म्हणून मी न निवडलेलं पोतं ढिगावर ओतलं. तक्ता लावणारी बाई ही! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

पुढच्या बाजाराला माय उठून बसली होती, मी शेजारी होते. तिची एक जुनी गिऱ्हाईक आली, डोळ्यानं अधू झालेली म्हातारी. स्वतःला निवडता येत नाही म्हणून ती मायकडूनच घ्यायची. तिनं पदराची गाठ सोडली अन् सुनेनं काढून दिलेले चार नखाएवढे मासे मायपुढं धरले. भांडली नाही.

"तुझ्या हातची म्हनून बघितली बी न्हाई," ती म्हणाली. "नातवाच्या घशात काटा अडकल्ता."

काटा निघाला होता, लेकरू बरं होतं. मायनं ते चार मासे हातात घेतले, म्हातारीला बोंबील बांधून दिले, अन् समोरची होती नव्हती ती सुकट पोत्यात भरली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला स्वतःची एवढी किळस कधी आली नव्हती.

त्याच आठवड्यात ती जालन्याला जाऊन व्यापाऱ्याला सांगून आली, नीट झिंगा येईपर्यंत सुकट पाठवू नको. तो मागून हसला असणार. मायच्या एका पोत्यानं समुद्राला काडीचाही फरक पडत नाही, हे मलाही कळतं, तिलाही कळतं. शेजारचा सुकटवाला खूश आहे. रुमालवाली मंडळी आता त्याच्याकडं पिशवी लपवून जातात.

मायच्या बारदानावर अर्ध्या भागात बोंबील असतात, अर्धा भाग रिकामा. शेजारी हळूच आपलं टोपलं त्यावर सरकवतो, आयत्या बिळावर नागोबा. माय पायानं ते मागं सारते. सुकट न्हाई का, असं कुणी विचारलं की म्हणते, "ल्हान हाय अजून. वाढू द्या." लोक हसून पुढं जातात.

गेल्या बाजाराला मी शाळेतून तशीच आले. हातात तपासायच्या वह्यांची पिशवी होती, ती त्या रिकाम्या जागेवर ठेवली.

"उचल ती," माय म्हणाली. "सुकटीची जागा हाय."

मी पिशवी उचलली अन् बाजार उठेपर्यंत मांडीवर घेऊन बसले.