करून राहिलो जी, दम धरा

जठारपेठेतल्या माझ्या डीटीपीच्या दुकानात फाईली किती साठल्या ते कॉम्प्युटर सांगतो. किस्से किती साठले ते कुणाला विचारायचं? त्यातले निम्मे तर एकट्या प्रदीपचे!

प्रदीप माझा कॉलेजचा मित्र. बाळापूरजवळ त्यांचं शेत, त्यात वांगी आणि झेंडू. पुण्याची नोकरी सोडून आला आणि माझ्या मागच्या खोलीत बसून एक टूल लिहायला लागला. जुन्या मराठी फॉन्टमधली लग्नपत्रिका नव्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसता चिवडा दिसतो. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, की हे टूल त्या चिवड्याचं युनिकोड करून देणार. नाव ठेवलं ‘पलटी’.

त्याच्या बाबांनी पहिल्याच दिवशी मुदत दिली. "दिवाळीपावतर चाललं त चाललं. नाई त गुपचूप झेंडू तोडाले ये!"

प्रदीप त्या दिवशी जेवला नाही.

*

फाईल सापडली नाही तर पडद्यावर काय यावं? प्रदीपने घरी बोलतात तसंच लिहिलं: "फाईल कुठी हाय? आधी पाहून घे ना बे!"

अमरावतीचे प्रेसवाले वसंतराव आमचं पहिलं गिऱ्हाईक. त्यांचा फोन आला. "तुमचं मशीन मले बे म्हनते! माह्या वयाचा त इचार करा!"

घाईघाईने दुरुस्ती केली: "फाईल कुठी हाय जी?" चार दिवसांनी वसंतरावांनी पडद्याचा फोटो पाठवला. त्या प्रश्नाखाली त्यांनी स्वतः टाइप केलं होतं, "कपाटात हाय जी. थांबा, आनतो."

*

मग वसंतरावांची दुसरी तक्रार आली. "पापणी लवाच्या आत काम होते. नीट करत नसन ते!"

प्रदीप असा चिडला! महिनोन्‌महिने घासून त्याने तो वेग आणला होता. शेवटी मुकाट्याने मध्ये एक मिनिटाचा थांबा घातला. तेवढा वेळ पडद्यावर नुसतं लिहून येई, "करून राहिलो जी, दम धरा."

वसंतराव खूश! "आता कसं मन लावून करते!"

*

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. पलटीला ना आकार ना बटण, मग पूजा कशाची करायची? प्रदीप म्हणाला, "एंटरची."

माझ्या आईने एंटरवर हळद-कुंकू वाहिलं, वरून दोन पळ्या पाणी. एंटर जो खाली रुतला तो वर येईना! आता पलटी प्रत्येक फाईलनंतर विचारायचं, "आनखी एक करू का जी?" आणि एंटर म्हणजे हो, तीच फाईल पुन्हा.

बंद करायला मी हात पुढे केला तर आई ओरडली, "पूजेतल्या हत्याराले उद्यापावतर हात नाई लावत!"

दसऱ्याच्या सकाळपर्यंत अकोटच्या एकाच जोडप्याच्या पत्रिकेच्या शेकडो प्रती निघाल्या होत्या. प्रदीप एवढंच म्हणाला, "बाबाले सांगू नोको."

*

दिवाळीच्या आठवड्यात बाबा आले. एका हातात वांग्यांची पिशवी, दुसऱ्यात पेनड्राइव्ह. त्यात प्रदीपच्या ताईच्या लग्नाची जुनी पत्रिका होती. "हे करून दाखव."

प्रदीपने केलं. बाबांनी चष्मा लावून गणपतीपासून मामांच्या नावापर्यंत सगळी वाचली. मी म्हटलं, जमलं! तर म्हणाले, "आता उलटं कर."

बाबा तराजू असाच तपासतात. वांगी या पारड्यातून त्यात, वजनं त्यातून यात. दोन्हीकडून सारखं भरलं तरच काटा खरा.

उलटं करायची, म्हणजे युनिकोडचं पुन्हा जुन्या फॉन्टमध्ये न्यायची सोय प्रदीपने लिहिली होती, पण कुणासमोर कधी चालवली नव्हती. शर्टाला हात पुसून त्याने ओळ टाइप केली. पडद्यावर आलं, "करून राहिलो जी, दम धरा." आम्ही तिघांनीही धरला.

फाईल आली. मूळ फाईलशी ताडून पाहिली. एका अक्षराचा फरक नाही! मी टाळ्याच वाजवल्या. प्रदीपच्या डोळ्यांत पाणी आलं.

बाबांनी विचारलं, "म्हंजे पयले होती तशीच झाली?"

"हो बाबा! जशीच्या तशी!"

बाबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग वांगी माझ्या टेबलावर ठेवून मला म्हणाले, "सकाळी पेरलेलं बियानं हा संध्याकाळी तसंच उकरून आनते, अन् तुमी टाळ्या वाजवता! याले वावरात नोको पाठवू रे बाप्पा. इथंच ठेव!"